कपाटांतील दगड आणि भूमीची मालकी

मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर, नांदेड जिल्ह्यांत, हिमायतनगर नांवाचें एक गांव लागतें. त्याचें जुनें नांव वाढोणा. परमेश्वराच्या देवळामुळें पंचक्रोशींत हें गांव सर्वांस ठाऊक आहे. उत्तरेस पैनगंगा वाहते, आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड पसरलें आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं ह्या भागांतील काळ्या रानांत धूळ बसते आणि बांधाबांधावर पांढऱ्या गारा चमकूं लागतात. कोणी पोर त्यांतली एखादी खिशांत टाकतें. पूर्वी घरोघरीं चकमकीला गार लागे, तेव्हां तिला कांहीं किंमत होती. आगपेटी आली आणि ती किंमतहि गेली. नांगराला अडखळणारी वस्तु, ह्यापलीकडे आज त्या दगडाची कोणी पर्वा करीत नाहीं.

परंतु तीच गार उचलून, कागदांत गुंडाळून, तिच्यावर एक चिठ्ठी डकविली, चिठ्ठीवर गांवाचें नांव, नदीपासूनचें अंतर आणि सांपडल्याची तारीख लिहिली, आणि ती शेंकडों कोसांवरच्या एखाद्या कपाटांत ठेवून दिली, तर काय होईल? दगड तोच राहील. पण ज्या भूमीवर तो पडला होता, ती भूमि मात्र दूर बसलेल्या माणसास वाचतां येऊं लागेल. आजच्या माझ्या भाषणाचा विषय हीच चिठ्ठी लावलेली गार आहे. एकोणिसाव्या शतकांत अशा हजारों चिठ्ठ्या आपल्या दख्खनांतून गोळा झाल्या. त्या कोणीं गोळा केल्या, कशासाठीं केल्या, आणि त्या दगडांमागून आपल्या दारीं काय काय आलें, ह्याची हकीकत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आरंभींच एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. दगड सांठविण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. गोवळकोंड्याच्या पातशहांपासून असफजाही निजामांपर्यंत सर्वांचे जवाहिरखाने प्रसिद्ध होते. परंतु जवाहिरखान्यांत पारख व्हावयाची ती पाण्याची, वजनाची आणि रंगाची. हिरा एकदां कोंदणांत बसला म्हणजे तो कोणत्या गांवच्या मातींतून निघाला हें सांगण्याची त्याला गरज उरत नसे. नव्या संग्रहाची रीत नेमकी ह्याच्या उलट होती. तेथें दगड सुंदर नसला तरी चाले, त्याचा मोठा तुकडाहि नको असे. त्याचा पत्ता मात्र बिनचूक हवा. ज्याच्यापाशीं अशा पत्त्यांची वही असे, त्याला हिरा विकत घेण्याची यातायात पडत नसे. तो खाणच मागूं शके.

दख्खनांत ही वही उघडणारा पहिला नांवाजलेला माणूस म्हणजे डॉक्टर हेन्री वेस्ली व्हॉयसे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. त्याच वर्षीं कर्नल लॅम्बटन ह्याच्या महान् त्रिकोणमितीय मोजणीवर सर्जन आणि भूगर्भवेत्ता अशा दुहेरी कामावर ह्या व्हॉयसेची नेमणूक झाली. कर्नल लॅम्बटन पृथ्वीचा आकार मोजीत उत्तरेकडे सरकत होता, आणि त्याच्या तंबूंबरोबर व्हॉयसे हातोडी घेऊन निजामाच्या मुलखांतून हिंडत होता. मोजणीच्या एका निशाणापासून दुसऱ्या निशाणापर्यंत जमीन आंखली जाई, तसतसा त्या जमिनीखालीं काय आहे ह्याचाहि टांचण तयार होई. १८२३ च्या जानेवारींत लॅम्बटन हिंगणघाट येथें वारला. पुढच्याच वर्षीं कलकत्त्याच्या वाटेवर व्हॉयसेहि गेला. त्याचे पुष्कळ कागद त्याच्या मरणानंतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें छापले. त्यांत दक्षिणेंतील हिऱ्यांच्या खाणींचें वर्णन आहे, हैदराबाद मुलखाच्या भूरचनेचा वृत्तांत आहे, आणि गाविलगडच्या डोंगरांत सांपडलेल्या शिंपल्यांच्या अवशेषांवर एक टिपण आहे.

ह्या कागदांपैकीं एक आपल्या नांदेडकरांच्या अगदीं शेजारचा आहे. हिमायतनगराच्या आग्नेयेस निर्मळ आहे, आणि निर्मळच्या दक्षिणेस गोदावरी ओलांडली म्हणजे कोनसमुद्रम् हें गांव येतें. ह्या गांवीं पोलाद होत असे. दोन प्रकारचें लोखंड मातीच्या मुशींत घालून, मुशीचें तोंड लिंपून, भात्यांच्या जोरावर तें अहोरात्र भट्टींत ठेवावयाचें. मग निघालेली पोलादाची वडी मातींत लपेटून पुनः पुनः भाजावयाची आणि हळूहळू निववावयाची, अशी ती कृति. दमिश्क नगराच्या नांवानें ज्या तरवारी जगांत गाजल्या, त्यांचें पोलाद दक्षिण हिंदुस्थानांतून जात असे, आणि त्यांत कोनसमुद्रम्‌चा वांटा मोठा होता. व्हॉयसे तेथें गेला तेव्हां त्याला इस्फहानहून पोलाद खरेदी करावयास आलेला एक इराणी व्यापारी भेटला. विचार करा, श्रोतेहो, इस्फहानचा माणूस समुद्र आणि घाट ओलांडून एका खेड्यांतल्या लोहाराच्या दारांत येऊन बसतो, कारण ती वडी त्याला दुसरीकडे मिळत नाहीं!

ह्याच पोलादाचे नमुने व्हॉयसेच्याहि पूर्वीं विलायतेस गेले होते. मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यानें १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्याजकडे ‘वूट्झ’ म्हणून तें पाठविलें. १७९५ सालीं पिअर्सन नांवाच्या रसायनज्ञानें त्यावर निबंध वाचला. पुढें लोहाराचाच मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेनें स्टोडार्ट ह्या शस्त्रकाराच्या सहकार्यानें १८१९ पासून ह्या पोलादाचें पृथक्करण करून तसलें पोलाद बनविण्याचे प्रयोग केले. पोलादांत दुसऱ्या धातु मिसळण्याच्या आधुनिक शास्त्राच्या आरंभीच्या प्रयोगांत ह्यांची गणना होते. म्हणजे आपल्याकडील एका ओबडधोबड वडीनें तेथें नव्या विद्येस चालना दिली.

आणि येथें काय झालें? एकोणिसावें शतक सरतां सरतां विलायतेच्या कारखान्यांचें स्वस्त लोखंड बाजारांत भरलें, तरवारींचें दिवस संपले, जंगलांवर सरकारी बंधनें आलीं तेव्हां भट्टीला कोळसा मिळणें कठीण झालें, आणि भट्ट्या एकामागून एक विझल्या. नमुना परदेशीं गेला म्हणून भट्टी विझली, असें मी म्हणत नाहीं. तो अन्याय होईल. परंतु एवढें खरें कीं, नमुन्याबरोबर ज्ञान एकाच दिशेनें गेलें. लंडनच्या निबंधांत पाठविणाऱ्याचें नांव आहे, तपासणाऱ्याचें नांव आहे. वडी पाडणाऱ्या लोहाराचें नांव नाहीं.

ह्या सर्व मंडळींना सरसकट हेर ठरविणें मात्र इतिहासाला धरून होणार नाहीं. त्यांच्यांत खरे जिज्ञासू होते. मद्रासकडील डॉक्टर माल्कमसन ह्याचेंच उदाहरण घ्या. पैनगंगा आणि गोदावरी ह्यांच्या मध्यें निर्मळच्या बाजूस जे डोंगर आहेत, त्यांत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें गोड्या पाण्यांतील शंखशिंपल्यांचा एक पातळ थर दबलेला आहे. माल्कमसननें ते अवशेष गोळा करून लंडनच्या भूगर्भसंस्थेपुढें ठेवले. १८४० सालीं सॉवर्बी ह्या तज्ज्ञानें त्यांतील एका शंखाला कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेप ह्याचें नांव दिलें. ह्या एवढ्याशा शंखानें केवढी गोष्ट सिद्ध केली! आपला काळा कातळ एका उद्रेकांत सांचलेला नाहीं. लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळीं सांचलीं, तळ्यांत गोगलगाई नांदल्या, आणि मग पुन्हां वरून लाव्हा आला. आज ह्या कातळाचें वय सहा कोटि साठ लक्ष वर्षांच्या आसपास धरतात. मराठवाड्याच्या भूमीचें हें चरित्र त्या शंखांनीं प्रथम उघड केलें, आणि त्याबद्दल माल्कमसनचे आभार मानण्यांत कोणासहि कमीपणा वाटूं नये.

पुण्याकडे कर्नल साइक्स ह्यानें हेंच केलें. मुंबई सरकारनें १८२४ सालीं त्याला दख्खनच्या माहितीची जंत्री करण्यावर नेमलें. गांवाची लोकसंख्या, शेताचा धारा, पक्षी, मासे, दगड ह्या सर्वांचीं टिपणें तो एकाच हातानें करी. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत जे पांढरे, हिरवट, काचेसारखे स्फटिक फुललेले असतात ते ह्या काळांत विलायतेच्या अभ्यासकांस ठाऊक झाले. १८३१ सालीं त्यांतील एका प्रकाराला पुण्यावरून ‘पूनाहलाइट’ असें नांवहि मिळालें. पुढें बोरघाटांतून लोहमार्गासाठीं १८५६ पासून १८६३ पर्यंत कातळ फोडण्यांत आला, तेव्हां हे स्फटिक ढिगांनीं बाहेर पडले आणि युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसले. ते फोडतांना पटकीनें आणि अपघातांनीं हजारों मजूर मेले. त्यांची चिठ्ठी मात्र कोणत्याहि कपाटांत नाहीं. कर्नल साइक्सचें म्हणाल, तर तो पुढें कंपनीच्या संचालकांत गेला आणि १८५६ सालीं तिचा अध्यक्ष झाला. दगड टिपणारा हात आणि राज्य चालविणारा हात किती जवळ होते, ह्याचा ह्याहून सरळ दाखला शोधावयास नको.

आतां कोळशाकडे वळूं. शंखशिंपल्यांचा खेळ येथें संपतो आणि व्यवहार सुरू होतो. गंगेंत आगबोटी फिरूं लागल्या, आणि बोटीच्या भट्टीला विलायतेहून कोळसा आणणें परवडेना. १८३६ च्या सुमारास कलकत्त्यास कोळसा आणि इतर खनिजें ह्यांच्या शोधासाठीं सरकारी कमिटी बसली. १८४० सालीं तेथेंच आर्थिक भूगर्भशास्त्राचें संग्रहालय उघडलें. ‘आर्थिक’ हा शब्द पाहा. त्या संग्रहालयाच्या नांवांतच त्याचा हेतु आहे. जिल्ह्याजिल्ह्याच्या अंमलदारांनीं आपल्या भागांतील दगडमाती पाठवावी, तेथें तिचें पृथक्करण व्हावें, आणि कोणत्या मुलखांत काय पिकतें ह्याप्रमाणेंच कोणत्या मुलखांत काय पुरलें आहे ह्याचाहि हिशेब सरकारजवळ असावा, असा हा बेत होता. १८५१ च्या मार्चांत टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्याचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं लंडनला मोठें प्रदर्शन भरलें, आणि त्यांत हिंदुस्थानांतील धातूंचे व दगडांचे नमुने मांडले गेले. एका टोकाला नमुना गोळा होत होता, दुसऱ्या टोकाला तो गिरणीमालकांस दाखविला जात होता. मधला दुवा आगगाडी जुळविणार होती.

आतां ह्या वर्षांची संगति लावून पाहा. १८५३ सालीं कंपनीनें निजामाकडून हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या देण्यापोटीं वऱ्हाड आपल्या कारभाराखालीं घेतलें. हिमायतनगराच्या उत्तरेची पैनगंगा, जी काल दोन परगण्यांमधली नदी होती, ती आज दोन अंमलांमधली सरहद्द झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि १८५४ सालीं त्यांचें राज्य खालसा झालें. हीं राज्यें कोळशासाठीं घेतलीं असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. वऱ्हाडाच्या मुळाशीं कर्ज होतें आणि कापूस होता. नागपूरच्या मुळाशीं दत्तक नामंजूर करण्याचें डलहौसीचें धोरण होतें. पण राज्य हातीं आल्याबरोबर त्याचें काय करावयाचें, हें सांगणारे दगड आधींच जमूं लागले होते.

नागपुरास १८४५ पासून स्टीफन हिस्लॉप नांवाचा स्कॉच मिशनरी राहत होता. १८५१ सालीं नागपूरजवळच्या टाकळी येथें त्याला आणि त्याचा सहकारी हंटर ह्याला शंखशिंपल्यांचे अवशेष सांपडले. तेव्हांपासून शाळा आणि प्रवचनें ह्यांतून उरलेला सर्व वेळ हिस्लॉपनें दगडांस दिला. कामठी, सिलेवाडा, मांगली, कोराडी येथून त्यानें वनस्पतींचे ठसे आणि प्राण्यांचे सांगाडे जमविले. लंडनच्या भूगर्भसंस्थेकडे ते गेले. मांगलीच्या एका जलचराच्या कवटीचें वर्णन प्रसिद्ध पंडित ओवेन ह्यानें केलें. हिस्लॉपच्या नांवानें एक खनिजहि ओळखलें जातें. ह्या भल्या माणसास फायद्याचा लोभ नव्हता. १८६३ च्या सप्टेंबरांत बोरीजवळ पूर आलेला नाला ओलांडतांना तो बुडून मेला. परंतु त्यानें लावून दिलेल्या थरांच्या क्रमाचा उपयोग पुढें कोणास झाला? ज्या पाषाणांत ते वनस्पतींचे ठसे सांपडतात, त्यांच्याच जातीच्या थरांबरोबर कोळसा असतो. वर्धेच्या खोऱ्यांत पाहणी खात्याचे लोक भोंके पाडूं लागले. १८७१ च्या सुमारास वरोऱ्याची खाण सुरू झाली. १८७७ सालीं ह्यूझ ह्यानें वर्धा खोऱ्यांतील कोळशाच्या क्षेत्रावर सबंध ग्रंथ लिहिला. मिशनऱ्याच्या कपाटांतील पानाच्या ठशापासून आगगाडीच्या बॉयलरपर्यंतचें अंतर वीसपंचवीस वर्षांत कापलें गेलें.

आपल्या निजाम राज्यांतील हकीकत ह्याहून उद्बोधक आहे, कारण येथें राज्य खालसा करण्याचीहि गरज पडली नाहीं. १८७१ च्या सुमारास पाहणी खात्याचा डॉक्टर विल्यम किंग ह्यास येलंदूच्या रानांत कोळसा आढळला. पुढें त्या मुख्य थराला किंगचेंच नांव मिळालें. एकदां ही गोष्ट छापून प्रसिद्ध झाल्यावर लंडनचे सट्टेवाले जागे झाले. १८८६ च्या जानेवारींत वॉटसन आणि स्टुअर्ट ह्या दोघांस निजाम सरकारकडून साऱ्या राज्यांतील खनिजांचा मक्ता मिळाला. ‘हैदराबाद दख्खन कंपनी’ उभी राहिली. तिचें भांडवल दहा लक्ष पौंड. दहा दहा पौंडांचे एक लक्ष भाग. त्यांपैकीं पंच्याऐंशी हजार भाग मक्तेदारांनीं पूर्ण भरणा झालेले असें दाखवून स्वतःच्या नांवें करून घेतले. खाणींत पहार पडण्यापूर्वींच संपत्ति निर्माण झाली, ती कागदावर!

ह्या व्यवहारांत निजाम सरकारतर्फे वाटाघाटी करणारे अधिकारी सरदार अब्दुल हक्क ऊर्फ सरदार दिलेर जंग हे होते. निजाम सरकारनें त्याच कंपनीचे भाग बाजारांतून चढ्या भावानें खरेदी केले, आणि पुढें उघडकीस आलें कीं, विकणाऱ्यांच्या पडद्याआड खुद्द अब्दुल हक्कच होते. मोठा गवगवा झाला. १८८८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें ह्या प्रकरणाच्या चौकशीसाठीं निवड कमिटी नेमली. अब्दुल हक्कांस अधिकारावरून दूर व्हावें लागलें. परंतु मक्ता रद्द झाला नाहीं. १८८९ सालीं येलंदूचा कोळसा निघूं लागला. १९२० सालीं सिंगरेणी कंपनीनें तें काम हातीं घेतलें, आणि १९४५ सालीं तिचे भाग निजाम सरकारनें विकत घेतले. म्हणजे आपल्याच जमिनींतील कोळशाची मालकी परत आणावयास हैदराबाद राज्याला साठ वर्षें लागलीं, आणि तीहि पैसे मोजून!

ह्या प्रकरणांतील मुख्य धडा लांचलुचपतीचा नाहीं. लांच सर्व काळीं, सर्व राज्यांत असते. मुख्य धडा हा कीं, जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनींत काय आहे हें दुसऱ्याच्या पुस्तकांतून कळत होतें. किंगचा अहवाल इंग्रजींत, त्याचे नमुने कलकत्त्यास, आणि मक्ता मागणारे लंडनला. हैदराबादच्या दरबारांत त्या दगडाची किंमत स्वतंत्रपणें सांगूं शकेल असा एकहि माणूस असता, तर सौदा कदाचित् निराळा झाला असता. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें कागदावर अंगठा उठवावा, तशी ती सही होती.

नागपूरकडे मँगनीजची कथा घडली. रामटेकजवळच्या मनसर येथें १९०० च्या सुमारास खणण्यास आरंभ झाला. पोलाद घट्ट करण्यासाठीं ही धातु जगभर हवी होती, आणि अवघ्या सातआठ वर्षांत मँगनीजच्या पैदाशीत हिंदुस्थाननें रशियाला मागें टाकलें. माती बहुतेक सारी कच्चीच बोटींत भरून परदेशीं जाई. पाहणी खात्याच्या लुई फेर्मर ह्यानें १९०९ सालीं ह्या खनिजांवर बाराशेंहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो चाळतांना मराठी माणसाला एक मौज वाटते. नागपूर जिल्ह्यांतील बेलडोंगरी ह्या खेड्यावरून त्यानें एका खनिजाला ‘बेलडोंगराइट’ म्हटलें, छिंदवाड्याच्या सीतापारवरून दुसऱ्याला ‘सीतापाराइट’. आणि मँगनीज ज्या खडकांत सांपडतें त्याला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. तें नांव आजहि जगांतील भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत चालतें. गोंडांचें नांव खडकाला मिळालें. त्या खडकांतून निघालेल्या संपत्तींतलें गोंडांस जें मिळालें, तें खाणीवरच्या रोजमुऱ्यापलीकडे फारसें नव्हतें.

ही सारी कथा ऐकून कोणास वाटेल कीं तीं कपाटें म्हणजे आपल्या गळ्यांतील फांस होता. परंतु हकीकतीला दुसरी बाजू आहे, आणि ती नागपुरासच घडली. जमशेटजी टाटा ह्यांनीं १८८२ सालीं चांदा जिल्ह्यांतील लोखंडावर फॉन श्वार्ट्झ ह्या जर्मन तज्ज्ञानें लिहिलेला अहवाल वाचला होता. लोहारा येथील लोखंडाचा डोंगर तेव्हांपासून त्यांच्या मनांत होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकेहून आणलेले तज्ज्ञ वेल्ड हे चांद्याच्या रानांत हिंडले. लोखंड होतें, पण तेथें कारखाना फायद्याचा होईल इतकें तें पुरेसें दिसेना. जवळच्या कोळशाचा गुणहि उतरेना. निराश होऊन दोराबजी नागपूरच्या सचिवालयांत आपण हा नाद सोडीत असल्याचें कळविण्यास गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठीं ते समोरच्या संग्रहालयांत शिरले. तेथें पाहणी खात्यानें तयार केलेला मध्यप्रांताचा रंगीत नकाशा होता. त्यावर दुर्ग जिल्ह्यांत एक जागा लोखंडाच्या खुणेच्या गडद रंगानें रंगविलेली त्यांना दिसली. दोराबजी आणि वेल्ड तिकडे गेले, आणि दल्ली-राजहऱ्याचे लोहमय डोंगर त्यांच्या पायांखालीं वाजूं लागले!

कारखाना तेथें झाला नाहीं, हें खरें. पाहणी खात्यांतून निवृत्त झालेले प्रमथनाथ बोस ह्यांनीं १९०४ सालीं जमशेटजींस पत्र लिहून मयूरभंज संस्थानांतील लोखंडाची वर्दी दिली. तेथील गुरुमहिषाणीच्या आधारानें १९०७ सालीं टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली. दल्ली-राजहऱ्याचें लोखंड स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या कामीं आलें. परंतु ह्या दोन्ही प्रसंगांत नवें काय होतें? नकाशा परकी सरकारनेंच काढलेला होता. नमुने त्याच हातोड्यांनीं फोडलेले होते. फक्त त्यांच्यासमोर उभा राहणारा डोळा आपला होता. जें कपाट साठ वर्षें दुसऱ्यांसाठीं बोललें, तें त्या दिवशीं आपल्या माणसाशीं बोललें, कारण त्याची भाषा आपल्या माणसास येऊं लागली होती.

श्रोतेहो, १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला, १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद मुक्त झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. पैनगंगेवरची ती सरहद्द पुसली गेली. भूगर्भ-पाहणीचें तेंच खातें आज आपल्या सरकारचें आहे. गारगोट्यांचें एक देखणें संग्रहालय सिन्नरला आहे, आणि पुण्याच्या आसपासचे स्फटिक पाहण्यासाठीं जगांतील जाणते आजहि आपल्याकडे पाहतात. मग हा विषय केवळ गतकालाचा राहिला काय?

मला तसें वाटत नाहीं. चिठ्ठीवर गांवाचें नांव असतें. गांवाला मात्र चिठ्ठीवर काय लिहिलें आहे हें ठाऊक नसतें. राज्य कोणाचेंहि असो, हा भेद जोंवर शिल्लक आहे तोंवर ही कथा संपलेली नाहीं. गडचिरोलीच्या डोंगरांत आज लोखंड निघतें आहे. तेथील माडिया-गोंडांच्या पाड्यांत त्याविषयीं जे प्रश्न विचारले जातात, ते मला येलंदूच्या आणि मनसरच्या प्रश्नांहून फार निराळे दिसत नाहींत. आमच्या पायांखालीं काय आहे? तें कोणास ठाऊक आहे? त्याचें मोल कोण ठरविणार? आणि त्यांतून आमच्या पदरांत काय पडणार?

ह्या प्रश्नांचीं उत्तरें देण्याचें बळ अंगीं यावयाचें असेल, तर आरंभ फार लहान गोष्टीपासून करतां येईल. हिमायतनगरच्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या शाळेंत एक साधें लांकडी कपाट असावें. आपल्या शिवारांतला काळा कातळ, बांधावरची गार, विहिरींतून निघालेला मुरूम, ओढ्यांतला चुनखडा; आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडे, किनवटच्या बाजूस, जेथें काळा पाषाण संपून त्याहून कितीतरी पुरातन असा तांबूस ग्रॅनाइट उघडा पडतो, तेथला एक तुकडा. एवढे पांच दगड पुरेत. प्रत्येकावर चिठ्ठी असावी. चिठ्ठी मराठींत असावी, आणि ती मुलांनीं आपल्या हातानें लिहिलेली असावी. त्यांत सांपडल्याचें ठिकाण असावें, सांपडविणाऱ्याचें नांव असावें. आणि विहीर ज्यानें खणली त्या गड्याचेंहि नांव असावें. कोनसमुद्रम्‌च्या लोहाराचें नांव आपल्याला आतां कधींच कळणार नाहीं. निदान ह्यापुढें तरी आपल्या दगडांबरोबर आपलीं माणसें निनांवी राहूं नयेत.

उद्यां एखादा मुलगा पहिल्या पावसानंतर बांधावरची गार उचलील, तेव्हां त्यानें ती खिशांत टाकून विसरूं नये. ती कोठून आली असें त्यानें विचारावें. ज्या मुलाला हा प्रश्न पडला, त्याच्या गांवचा कागद वाचल्याशिवाय कोणास अंगठा उठवून घेतां येणार नाहीं.